दुसरा अल्बम फसतो, हा समज

रॉक बँडचा दुसरा अल्बम फसतोच, असं रसिक आणि समीक्षक दोघंही ठामपणे सांगतात. पूर्वपक्ष असा: पहिल्या अल्बमला कित्येक वर्षांची साठवण मिळते, दुसऱ्याला मोजके महिने, घाईतलं काम कच्चंच राहणार.

न्यायशास्त्राच्या दृष्टीने हा हेतू, म्हणजे दिलेलं कारण, सव्यभिचार आहे: ते निष्कर्षाशिवायही आढळतं. घाई आहे, पण कच्चेपणा नाही, अशी उदाहरणं ढळढळीत आहेत. ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मधला. दुसरा, ‘पॅरानॉइड’, त्याच वर्षी सप्टेंबरात आला आणि आजही त्या बँडची ओळख त्यानेच होते. ‘लेड झेपलिन’ने 1969 मधला दुसरा अल्बम दौऱ्यावर असताना, वाटेतल्या निरनिराळ्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रित केला.

मग समज टिकतो कशामुळे? शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने 1886 मध्ये दाखवलं, की फार उंच आईबापांची मुलं सरासरीने त्यांच्याहून कमी उंच निघतात. इथेही तेच घडतं. पहिला अल्बम विलक्षण गाजला, तरच दुसऱ्याकडे जग डोळे लावून बसतं. तो थोडा खाली उतरणं हा सरासरीचा स्वभाव आहे, प्रतिभा आटल्याचा पुरावा नव्हे. ज्यांचा पहिला अल्बम थोड्यांनीच ऐकला, ते बँड या हिशेबात धरलेच जात नाहीत. ‘निर्वाना’चा ‘नेव्हरमाइंड’ (1991) दुसराच होता; 1989 चा ‘ब्लीच’ त्याआधी किती जणांना ठाऊक होता?

आपल्याकडे तर न्याय करताना प्रसाराची साधनंही पाहिली पाहिजेत. उदय बेनेगल, महेश तिनईकर यांच्या मुंबईतल्या ‘रॉक मशीन’ने 1988 च्या पहिल्या अल्बमनंतर 1990 मध्ये दुसरा अल्बम काढला, ‘द सेकंड कमिंग’. एमटीव्ही ही संगीतवाहिनी स्टार टीव्हीमार्फत उपग्रहावरून आपल्याकडे आली ती 1991 साली. त्याआधी बँडच्या हाती होते कॉलेजांचे महोत्सव, जाहीर मैफली आणि कॅसेट. तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावात ही गाणी पोचणार कुठल्या वाटेने? 1993 मध्ये हाच बँड ‘इंडस क्रीड’ झाला, आणि त्यांचं ‘प्रिटी चाइल्ड’ हे गाणं टीव्हीवरून घरोघर दिसलं. मधल्या काळात त्यांचं संगीतही बदललं, हे मान्य. पण ऐकणाऱ्यापर्यंत जाणारा रस्ता 1990 मध्ये नव्हता आणि 1993 मध्ये होता, हा फरक वगळून ‘द सेकंड कमिंग’वर निकाल देणं मला अन्यायाचं वाटतं.