तांडेल आणि पायलट : एका वल्ह्याची कुळकथा

1985 साली हॉलिवूडमध्ये 'रेमो विल्यम्स : द ॲडव्हेंचर बिगिन्स' हा साहसपट आला. त्याची मालिका करायची म्हणून नवे नट घेऊन एक भाग चित्रित झाला. 1988 मध्ये एबीसी वाहिनीने तो दाखवलाही, पण मालिका काही निघाली नाही. अशा नमुन्याच्या भागाला टीव्हीच्या धंद्यात 'पायलट' म्हणतात.

विमानातला पायलट घरोघरी ठाऊक आहे. शब्द मात्र मूळचा दर्यावरचा. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात 1989 पासून मोठी जहाजं येतात. आत शिरण्याआधी एक छोटी बोट जहाजाच्या कुशीला लागते, दोरीच्या शिडीने एक माणूस वर चढतो आणि अर्धा पांढरा, अर्धा लाल बावटा फडकतो. पायलट आला! हुकूम कप्तानाचाच, हा वाट दाखवणार. टीव्हीवरच्या पायलटचं कामही वाट दाखवण्याचंच.

इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचने इटालियनकडून. कुणी त्याचं मूळ डच भाषेत शोधलं होतं : खोली मोजायला दोरीने सोडतात त्या शिशाच्या वजनात. पण 'पेदोता' हे जुनं इटालियन रूप त्या मताला जड जातं. ते सरळ ग्रीक 'पेदॉन'पाशी नेतं, आणि पेदॉन म्हणजे नाव वळवायचं वल्हं.

इथे रायगडच्या किनाऱ्यावरचा तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, आठवतो. दर्यावरच्या काही शब्दांचं मूळ सरळ आहे : 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आला, 'नाखवा' फारसी 'नाखुदा'वरून, म्हणजे नावेचा धनी. त्यांच्याबद्दल फारसा वाद नाही. तांडेलाचं तसं नाही. 'हॉबसन-जॉबसन' या कोशाच्या 1903 च्या आवृत्तीत दोन मतं शेजारी-शेजारी दिली आहेत. प्लॅट्स हा कोशकार तांडेल 'तांडा'शी जोडतो, म्हणजे माणसांच्या टोळीचा म्होरक्या. मद्रासच्या एका जुन्या शब्दसंग्रहाने मात्र मल्याळम 'तण्डु' धरला आहे. तण्डु म्हणजे वल्हं!

तांड्याची बाजू अगदीच लंगडी नाही. खलाशी तांडेलाच्या शब्दावर चालतात, अर्थ नीट बसतो. तरी तांडा म्हटलं की बैल आणि लमाण डोळ्यांपुढे येतात. दर्यावरच्या माणसाने घाटावरचा शब्द कशाला उचलावा? शिवाय मल्याळम, तेलुगू, मराठी अशी या शब्दाची बरीचशी वस्ती किनाऱ्याला धरून आहे. तो दक्षिणेकडून होड्यांबरोबर वर सरकला आणि मराठी कानाने त्यात ओळखीचा तांडा ऐकला, असंच घडलं असणार.

खाडीतली छोटी होडी पाहिली की वल्ह्याचं हे मत आणखी पटतं. तिला सुकाणू नसतं. मागच्या टोकाला उभा माणूस वल्हं पाण्यात तिरकं धरतो, मनगट जरासं फिरवतो आणि नाळ हव्या त्या बाजूला वळते. ग्रीक नावाडी पेदॉनने हेच करत होता.