आज्ञा आणि पालन : झडपेच्या पोझिशनरच्या अंशशोधनाचा इतिहास

कारखान्यातील नळातून वाहणारा द्रव किंवा वायू कमीअधिक करणाऱ्या नियंत्रण-झडपेस दूरच्या नियंत्रकाकडून संकेत येत असतो. त्या संकेताप्रमाणे झडप खरोखरच उघडली किंवा मिटली काय, हे पाहून तिला योग्य जागी आणणारे उपकरण म्हणजे पोझिशनर. कोणत्या संकेताचा अर्थ ‘पूर्ण बंद’ आणि कोणत्याचा ‘पूर्ण उघडी’, हे ह्या उपकरणाला प्रथम ठरवून द्यावे लागते. ह्या क्रियेस अंशशोधन म्हणतात. वरवर पाहता ही निव्वळ यांत्रिक क्रिया आहे. परंतु संकेत आणि वस्तुस्थिती ह्यांमधील अंतर कसे ओळखावयाचे, हा भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेला प्रश्न तिच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

ह्या कल्पनेचे मूळ जहाजाच्या सुकाणूत सापडते. फ्रेंच अभियंता फार्को ह्याने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाफेच्या बळावर सुकाणू फिरविणाऱ्या यंत्राचे वर्णन केले आणि त्यास ‘सर्वो-मोटर’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘सर्वुस’ म्हणजे दास. हाताने तरफ हलविली की वाफेची झडप उघडे व सुकाणू फिरू लागे. परंतु सुकाणूची हालचालच मागे पोहोचून ती झडप पुन्हा मिटवी. दास आज्ञा घेतो, आणि ती पाळली गेल्याची वार्ताही स्वतःच आणतो, हे ह्या रचनेचे मर्म होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखान्यांतील संकेत हवेच्या दाबाने जाऊ लागले. दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड हा दाबाचा पल्ला पुढे रूढ झाला. ही हवा रबरी पटलावर दाब देई, स्प्रिंग तिला विरोध करी, आणि दोहोंचा तोल साधेल तेथे झडपेचा दांडा थांबे. प्रत्यक्षात मात्र दांड्याभोवतीच्या पॅकिंगचे घर्षण आणि वाहत्या द्रवाचा रेटा ह्यांमुळे दांडा अपेक्षेपेक्षा अलीकडे किंवा पलीकडे राही. पोझिशनरने फार्कोचेच तत्त्व येथे आणले. दांड्याला जोडलेली तरफ त्याची जागा कळविते. ती जागा आणि संकेत ह्यांचा मेळ बसेपर्यंत उपकरण हवा भरते वा सोडते.

दाबाऐवजी विद्युत्प्रवाहाचा संकेत आला, तेव्हा ४ ते २० मिलिअँपिअर हा पल्ला स्वीकारला गेला. अमेरिकेतील उपकरण-संस्थेच्या १९७५ च्या मानकात तो नमूद आहे. दोन्ही पल्ल्यांत किमान व कमाल ह्यांचे प्रमाण १ : ५ असेच आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, दोन्हींचा आरंभ शून्यापासून होत नाही. पाणिनीने लोपालाही व्याकरणात स्थान दिले. लुप्त प्रत्ययाचे कार्य शिल्लक राहते. अर्थपूर्ण अभाव आणि निव्वळ अभाव ह्यांतील भेद वैयाकरण संदर्भावरून जाणतो, तारेला तो जाणता येत नाही. म्हणून अभियंत्यांनी शून्यालाच उच्चार दिला : ४ मिलिअँपिअर म्हणजे ‘शून्य टक्के’ ही आज्ञा, आणि प्रवाहच नसणे म्हणजे तार तुटली.

अंशशोधनाची जुनी रीत अशी : दांडा अर्ध्या वाटेवर असताना तरफ त्याच्याशी काटकोनात बसवावयाची, म्हणजे तिच्या वर्तुळाकार गतीमुळे येणारा दोष दोन्ही बाजूंस सारखा वाटला जातो. मग ४ मिलिअँपिअर देऊन शून्याचा स्क्रू फिरवावयाचा, २० देऊन पल्ल्याचा. एक स्क्रू हलला की दुसऱ्याची जुळणी बिघडते, म्हणून दोन्ही टोकांशी पुनःपुन्हा जावे लागते. शेवटी ८, १२ व १६ वर चढत्या आणि उतरत्या क्रमाने दांड्याची जागा ताडून पाहावयाची. दोन्ही क्रमांतील तफावत घर्षणाची साक्ष देते. ह्या सर्व खटाटोपात कारागिराचा डोळा मात्र दांड्याजवळच्या पट्टीवर असे.

आज्ञेलाच वस्तुस्थिती मानल्यास काय घडते, ह्याचे उदाहरण अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज-केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दिसले. तेथील झडप दाब कमी करणारी होती, प्रवाहाचे नियमन करणारी नव्हे. परंतु बोध एकच आहे. ती उघडी अडकून राहिली असताना नियंत्रण-कक्षातील दिवा मिटण्याची आज्ञा गेल्याचे तेवढे दर्शवीत होता. चालकांनी तिला मिटलेली मानले. त्या मार्गातील दुसरी झडप बंद होईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ शीतक-जल निसटत राहिले, आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

१९९० नंतरच्या दशकात सूक्ष्म-संगणकयुक्त पोझिशनर प्रचारात आले. हवा गेल्यास झडप कोणत्या बाजूस जाणार, संकेत व उघडझाप ह्यांचे नाते सम असावे की विशिष्ट वक्राचे, चालकाचा आकार केवढा, हे त्यांना आकड्यांनी सांगावे लागते. पुढे उपकरण स्वतःच झडपेला दोन्ही टोकांपर्यंत नेऊन शून्य आणि पल्ला नोंदवून घेते. ही सोय मोठीच आहे; तथापि दांडा जेथे अडला तेच टोक, एवढेच त्याला कळते. बैठकीत कचरा अडकला असेल, तर तोच अडथळा ‘पूर्ण बंद’ म्हणून नोंदला जातो, आणि त्यानंतरचे प्रत्येक वाचन त्या चुकीच्या शून्यावरून घेतले जाते.

सारांश, संकेताला अर्थ आपोआप नसतो. तो करारानेच येतो. चार मिलिअँपिअर एका झडपेला ‘मीट’ म्हणतात, तर उलट क्रियेसाठी जुळविलेल्या दुसरीला ‘उघड’. अंशशोधन म्हणजे तो करार करणे, आणि पडताळणी म्हणजे तो पाळला जातो की नाही हे पाहणे. ह्यांपैकी पहिले काम आता यंत्राकडे गेले आहे. दुसऱ्यासाठी मात्र दांड्याजवळची ती पट्टी डोळ्यांनी पाहणारा माणूस अद्यापि हवाच.