यमक जुळले, अर्थ निसटला

बोईसरला औद्योगिक वसाहतीतील कामगारांसाठी मी काही वर्षे संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेत असे. पालघरहून लोकलने जायचे, पहिली पाळी सुटलेल्यांना शिकवायचे आणि रात्री परतायचे. वर्गात घरी वाडवळी, मांगेली, वारली बोलणारे होते, तसे भोजपुरी आणि उडिया बोलणारेही होते. सर्वांना शब्द लवकर पाठ व्हावेत म्हणून मी फळ्यावर यमकांचे गट लिही. शिफ्ट, लिफ्ट, गिफ्ट, स्टीम, बीम, टीम, व्हिजिबल, इनव्हिजिबल, एडिबल, इनएडिबल. पुढे प्रत्येकाचा अर्थ. शब्द भराभर पाठ होत आणि मला समाधान वाटे.

एके संध्याकाळी एका ऑपरेटरने विचारले, “बाई, टँकरवर इनफ्लॅमेबल लिहिलेले असते. म्हणजे आतला माल पेटणारा नाही ना?”

मी चपापले. त्याचा तर्क माझ्याच फळ्यावरून आला होता. व्हिजिबल म्हणजे दिसणारे, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारे. मग फ्लॅमेबल म्हणजे पेटणारे तर इनफ्लॅमेबल म्हणजे न पेटणारे. प्रत्यक्षात दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे. रसायनांचे टँकर रोज ये-जा करणाऱ्या तारापूरसारख्या ठिकाणी ही चूक परीक्षेतला एक गुण घालवून थांबणारी नव्हे.

त्या प्रश्नामुळे मी यमकांच्या इतिहासात शिरले. परके किंवा अवघड शब्द पद्यात बांधून पाठ करण्याची आपली रीत जुनी आहे. अमरकोश अनुष्टुभात आहे, तो पाठांतरासाठीच. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. त्यात दरबारी वापरातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तेही पद्यात. पण या कोशांत शब्द आणि त्याचा अर्थ एकाच चरणात शेजारी बसवलेले असतात. एक आठवला की दुसरा मागोमाग येतो. माझ्या फळ्यावर मात्र नाद नादाशी बांधला होता आणि अर्थ बाहेर उभा होता.

इंग्रजीत तर नादाचाही भरवसा धरता येत नाही. फूड, गुड, ब्लड या तिन्ही शब्दांच्या लेखनात ‘डबल ओ’ आणि शेवटी ‘डी’. कागदावर यमक पक्के, कानाला मात्र तीन वेगळे स्वर. एके काळी या तिन्हींत एकच दीर्घ स्वर होता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि लेखन हळूहळू स्थिरावत गेले. उच्चार मात्र पंधराव्या ते सतराव्या शतकांत आणि नंतरही बदलत राहिले. ‘नाइट’मधील ‘जी-एच’ पूर्वी घशातून उच्चारला जाई. ध्वनी गेला, अक्षरे उरली.

देवनागरीत लिहिताना याच्या उलट घडते. आपण उच्चार टिपतो आणि फरक पुसला जातो. राइट म्हणजे उजवा, बरोबर, हक्क. राइट म्हणजे लिहिणे. राइट म्हणजे धार्मिक विधी. इंग्रजीत ही तीन वेगळी लेखने, आपल्याकडे एकच. वीक म्हणजे आठवडा आणि वीक म्हणजे अशक्तही. संदर्भावाचून अर्थ लागत नाही.

इनफ्लॅमेबलचे कोडे लॅटिनमधले आहे. तिथे ‘इन’ हे एकसारखे दिसणारे दोन उपसर्ग आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. इनव्हिजिबलमध्ये पहिला आहे, इनफ्लॅमेबलमध्ये दुसरा. घोटाळा फक्त आपल्याच लोकांचा होतो असेही नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने ‘फ्लॅमेबल’ हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला, कारण इंग्रजी मातृभाषा असणारेही फसण्याची भीती होती.

यावरचा उपाय मला आपल्याच जिल्ह्याच्या नावाशी जोडलेला सापडला. वसईजवळच्या तर्खड गावावरून तर्खडकर हे आडनाव आले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तर पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आज तिची वाक्ये आठवून आपण हसतो. पण तिची शिस्त लक्षात घेण्यासारखी आहे. शब्द दिले की पाठोपाठ वाक्ये, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. सुटा शब्द तिथे फार वेळ सुटा राहत नाही.

मी यमके सोडली नाहीत. पाठांतराला त्यांच्यासारखा सोबती नाही. फक्त नियम केला की गटातला प्रत्येक शब्द वाक्यात बसवल्याशिवाय पुढे जायचे नाही, आणि वाक्य आपल्या कामातले हवे. त्या ऑपरेटरने दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणले, “हा माल इनफ्लॅमेबल आहे, इथे बिडी ओढू नका.” खाली त्याने तेच वाक्य हिंदीत आणि भोजपुरीतही लिहिले होते. पाळीवरच्या बाकीच्यांना वाचून दाखवायचे होते, म्हणाला.