केंद्रशाळेपासून क्लासरूमपर्यंत

मंडळी, ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गूगलशी हातमिळवणी केली आणि ‘गूगल क्लासरूम’ राज्यातल्या शाळांसाठी खुलं झालं. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून २ कोटी ३० लाख लोकांना उपयोग होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. वाशीमसारख्या जिल्ह्यात हे साधन गुरुजींच्या हाती आलं म्हणजे नेमकं काय झालं, हे आज आपण बघू. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

शिक्षकांनी एकत्र बसून काम करावं ही कल्पना काही संगणकाबरोबर आलेली नाही. १४ नोव्हेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने राज्यात ४,८६० केंद्रं झाली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मालेगाव, मानोरा या बाजूला दोन शिक्षकी शाळा पुष्कळ. तिथला शिक्षक वर्षानुवर्षं एकटाच. भागाकार पोरांच्या डोक्यात शिरत नाही, हे तो सांगणार कोणाला? महिन्याकाठी केंद्रशाळेत भरणारी बैठक त्याच्यासाठी होती. आधी तिला गटसंमेलन म्हणत, पुढे शिक्षण परिषद. चांगला केंद्रप्रमुख असला की तिथं एखादा पाठ व्हायचा, त्यावर चर्चा व्हायची, वादही व्हायचे. नसला की परिपत्रकांचं वाचन, चहा, आणि सह्या. दोन्ही प्रकार होते, हे मान्यच करायला हवं.

मग २०१५ मध्ये ‘सरल’ आली. शिक्षकाच्या हाती लॉगिन आलं ते प्रथम असं: माहिती भरण्यासाठी. दिवसा सर्व्हर चालत नसे म्हणून लोक रात्री जागून भरत. आमच्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथं आहे. संगणक म्हणजे वर माहिती पाठवायची खिडकी, हा संस्कार पाच वर्षं पक्का झाला होता. त्यानंतर क्लासरूम आलं. प्रशिक्षणात ‘सहयोग’ हा शब्द कितीदाही आला, तरी गुरुजींच्या मनात पहिला प्रश्न ‘हे कधीपर्यंत भरायचं?’ हाच येणार. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. अनुभवाने शिकवलेलंच ते बोलतात.

इव्हान इलिचचं ‘डीस्कूलिंग सोसायटी’ १९७१ चं. त्यात त्याने सुचवलं होतं की, एकाच विषयात रस असलेल्या माणसांची गाठ संगणकाने घालून द्यावी. पन्नास वर्षांपूर्वी, बरं का! दोन वर्षांनी त्याने असंही मांडलं की, जे साधन वापरणारा आपल्या हेतूसाठी वळवू शकतो ते वेगळं, आणि जे माणसालाच आपल्या कामाला जुंपतं ते वेगळं. सरल आणि क्लासरूम दोन्ही पडद्यावरच दिसतात. फरक आहे तो या जागी.

करोनाने घाई केली, तीही धड टिकली नाही. शाळा उघडल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित निघाले. पुन्हा सगळं फोनवर. आता ज्या घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर शेतात, तिथं क्लासरूम काय करणार? चाललं ते व्हॉट्सअ‍ॅप, कारण ते कोणी लादलेलं नव्हतं, आधीच हातात होतं.

तरी आम्ही या साधनाला मोडीत काढत नाही. मानोरा तालुक्यात पहिलीतली कितीतरी मुलं घरी गोरबंजारा बोलतात. शिक्षक पहिल्या महिन्यात त्यांचे शब्द वहीत टिपून घेतो: भाकरीला काय, पाण्याला काय. बदली झाली की वही त्याच्याबरोबर जाते आणि नवा गुरुजी पुन्हा पहिल्यापासून. हीच यादी सगळ्यांना उघडता येईल, ज्यात कोणीही शब्द घालू शकेल आणि शेजारच्या तांड्यावरचा शिक्षक ‘आमच्याकडे असं म्हणतात’ अशी दुरुस्ती करेल, अशा एका सामायिक कागदावर ठेवली तर? तांत्रिकदृष्ट्या हे पाच मिनिटांचं काम. मात्र त्या कागदावर तारखेचा रकाना नको, शाळेच्या सांकेतांकाचा नको, आणि ‘किती शब्द भरले’ याचा तर मुळीच नको. तो रकाना आला की दुसऱ्या दिवशी यादी भरलेली दिसेल, आणि शब्द कुठून तरी उतरवलेले असतील.