अदृश्य असताना ‘हल्ला’ म्हणजे नेमकं काय? डी अँड डीमधल्या मॅजिक आयटम्सचे वाद समजून घ्या

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिलेल्यांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजेच डी अँड डी हा खेळ नावाने तरी माहीत असतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि मिळून गोष्ट रचायची. गोष्ट पुढे नेणारा आणि नियमांवर निर्णय देणारा तो डंजन मास्टर, थोडक्यात डीएम. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. तेव्हापासून टेबलावर राक्षसांइतकीच भांडणं शब्दांशीही होत आली आहेत. त्यातही जादूच्या वस्तूंवरून जास्तच.

अंगठीचा वाद

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली ‘रिंग ऑफ इनव्हिजिबिलिटी’ घ्या. ही अंगठी वापरून तुम्ही अदृश्य होता. मात्र हल्ला केलात किंवा मंत्र वापरलात की पुन्हा दिसू लागता. आता समजा, तुम्ही अदृश्य असताना भिंतीवरचा खटका ओढला, राक्षसाच्या पायाखालची फरशी सरकली आणि तो खड्ड्यात पडला. हा हल्ला झाला का?

रोजच्या बोलण्यात आपण ‘हो’ म्हणू. पण या खेळात ‘हल्ला’ हा पारिभाषिक शब्द आहे. वार लागला की नाही हे ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकला, तर तो हल्ला. खटका ओढताना असा फासा टाकलेला नाही. म्हणजे शब्दशः पाहिलं तर हल्ला झालेला नाही आणि तुम्ही अजून अदृश्यच आहात. डीएमला मात्र ही पळवाट वाटू शकते.

२०२४ च्या सुधारित नियमांत अदृश्य होण्याच्या मंत्राचा मजकूर बदलला. आता हल्ल्याचा फासा टाकला, इजा केली किंवा मंत्र वापरला की त्याचा परिणाम संपतो. घोळ मिटला? पूर्ण नाही. राक्षसाला इजा तुम्ही केली की खड्ड्याने, हा नवा प्रश्न उरतोच.

पिशवीत पिशवी

दुसरं उदाहरण ‘बॅग ऑफ होल्डिंग’चं. बाहेरून साधी दिसणारी ही पिशवी ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो सामान पोटात घेते. पण एक धोका आहे. ‘हँडी हॅवरसॅक’, ‘पोर्टेबल होल’ किंवा तत्सम वस्तूच्या आतल्या जादुई जागेत ती ठेवली, तर दोन्ही वस्तू नष्ट होतात. तिथे एक दार उघडतं आणि १० फुटांच्या आतले सगळे ‘ॲस्ट्रल प्लेन’ या दुसऱ्याच जगात ओढले जातात.

मग एका बॅग ऑफ होल्डिंगमध्ये दुसरी ठेवली तर? यादीत तिचं नाव नाही, पण ‘तत्सम’ हा शब्द आहे. बहुतेक डीएम तिला तत्सम मानतात. पण हे आधी बोललं गेलं नसेल, तर वर्षभर खेळलेली पात्रं एका शब्दाच्या अर्थावरून गोष्टीबाहेर फेकली जाऊ शकतात. खेळाडू चिडतात ते इथेच.

नियम असे मोघम का?

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत नियम ठरावीक साच्यात आणि ठरावीक शब्दांत बांधलेले होते. तो खेळ कोरडा झाला, अशी तक्रार अनेकांनी केली. पाचव्या आवृत्तीत नियम पुन्हा साध्या वाक्यांत आले. वाचायला सोपे झाले, पण रोजचा शब्द कुठे संपतो आणि पारिभाषिक शब्द कुठे सुरू होतो, ही रेघ पुसट झाली. उरलेलं डीएमच्या निर्णयावर सोडलं गेलं.

मग अर्थ लावायचा कसा?

खेळाडूंमध्ये तीन पद्धती रूढ आहेत:

१. जसं लिहिलंय तसं.
२. लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं तसं.
३. टेबलावरच्या सगळ्यांना मजा येईल तसं.

‘सेज ॲडव्हाइस’ नावाने अधिकृत खुलासेही प्रसिद्ध होतात. मात्र सोशल मीडियावर फिरणारा डिझायनरच्या ट्विटचा स्क्रीनशॉट हा अधिकृत निर्णय नसतो. तो सल्ला असतो, हे कंपनीनेच स्पष्ट केलं आहे.

टेबलावर काय करावं?

वस्तू हातात आली की लगेच डीएमला विचारा, ‘याचा अर्थ आपण काय धरायचा?’ ऐन लढाईत विचारलं, तर प्रत्येकाला आपल्या सोयीचाच अर्थ दिसतो. ठरलेलं लिहून ठेवा. आणि निर्णय दोन्ही बाजूंना सारखाच लागू करा. तुमच्या अंगठीला मिळालेली सूट उद्या खलनायकाच्या अंगठीलाही मिळणार आहे. हे डोळ्यांसमोर ठेवून अर्थ लावला, तर तो सहसा न्याय्यच निघतो.