फॅरो : सरळ खेळ आणि लबाड पेटी

मंडळी, अमेरिकन काउबॉयपटात सलूनमध्ये पत्ते दिसले की तो पोकर असतो. एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्याखुऱ्या सलूनमध्ये मात्र राज्य होतं फॅरोचं. १८८१ च्या टूम्स्टोनच्या चकमकीमुळे गाजलेले वायट अर्प आणि डॉक हॉलिडे हे दोघेही फॅरोच्या टेबलावर पैसे कमावत असत.

खेळ मूळचा फ्रान्सचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस बासेट नावाच्या खेळातून तो निघाला. चौदाव्या लुईच्या राजवटीत त्यावर बंदी आली, तरी तो युरोपभर पसरला. पुश्किनच्या ‘इस्पिकची राणी’ या १८३४ सालच्या कथेचा नायक याच खेळापायी वेडा होतो. पुढे न्यू ऑर्लिन्समार्गे तो मिसिसिपीच्या बोटींवर आणि तिथून पश्चिमेकडे गेला.

आता नियम पाहू. टेबलावर इस्पिकचे एक्क्यापासून राजापर्यंत तेरा पत्ते चिकटवलेले असतात. हव्या त्या पत्त्यावर पैसे लावायचे. इस्पिक की बदाम, याला महत्त्व नाही. बँकर ५२ पत्ते पिसून एका पेटीत ठेवतो. पहिला पत्ता बाद. मग दोन-दोन पत्ते निघतात : पहिला बँकेचा, दुसरा खेळणाऱ्यांचा. समजा, तुमचे पैसे सत्तीवर आहेत. सत्ती पहिली आली तर पैसे गेले. दुसरी आली तर लावले तितकेच वर मिळाले. आलीच नाही तर पैसे जागच्या जागी. सत्ती हरेल असं वाटत असेल तर पैशांवर तांब्याचं नाणं ठेवायचं. आपल्याकडचा अंदर-बाहर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे चटकन कळेल. कुठले पत्ते निघून गेले ते मण्यांच्या चौकटीवर सगळ्यांना दिसत असे.

मग बँकेला काय मिळतं? दोन्ही पत्ते सारखे निघाले, तर त्यावरचे अर्धे पैसे. शिवाय शेवटच्या तीन पत्त्यांचा क्रम ओळखला तर एकाला चार मिळत. क्रम सहा होऊ शकतात, म्हणजे न्यायाने पाच हवेत. द म्वाव्र आणि ऑयलर यांच्यासारख्या गणितज्ञांनी बँकेचा हा फायदा मोजला होता. तो अगदी थोडा होता. एखाद्या पत्त्याचे तीन भाऊ निघून गेले की चौथ्यावर जोडी पडायची भीतीही उरत नसे.

गंमत पाहा, इतका सरळ खेळ मालकाला परवडेना. म्हणून पेट्या अशा बनू लागल्या की फटीतून दोन पत्ते एकदम सरकावेत. एकमेकांना चिकटावेत म्हणून पत्ते खरखरीत केले जात. खेळणारेही कमी नव्हते. तांब्याच्या नाण्याला घोड्याचा केस बांधायचा आणि वेळ आली की हळूच ओढून घ्यायचं!

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून मला यात एक प्रश्न दिसतो. नियम न्याय्य आहेत का, एवढंच आपण विचारतो. ते पाळून चालवणाऱ्याचं पोट भरतं का, हे विचारत नाही. मण्यांच्या चौकटीकडे बघून लोक विश्वास ठेवत; पण चौकट दाखवायची पेटीतून काय बाहेर आलं ते. पेटीच्या आत काय चाललंय, ते नव्हे.

कॅनडा बिल जोन्स नावाच्या जुगाऱ्याची एक गोष्ट सांगतात. मित्राने त्याला सांगितलं, इथला फॅरो लबाडीचा आहे. तो म्हणाला, ठाऊक आहे, पण गावात दुसरा खेळ नाही ना! आपण हसतो. पण आपणही आयुष्यात किती टेबलांवर असेच जाणूनबुजून बसलेलो असतो, ते घरी गेल्यावर जरा मोजून पाहा.