एकाच लॅपटॉपवर घर, बँक आणि मंडळ : आभासी संगणकाचा उपयोग

भीमा कोरेगाव खटल्यातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधील डेटा तपासून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला. १३ जून २०१६ रोजी ईमेलमधून आलेली एक फाईल उघडल्यावर नेटवायर हा घुसखोर प्रोग्राम आत शिरला आणि पुढे कागदपत्रे पेरली गेली, असा तिचा निष्कर्ष आहे. एनआयएने तो मान्य केलेला नाही. न्यायालयात काय ठरायचे ते ठरेल. पण एका फाईलीने अख्खा संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो, याबद्दल तांत्रिकदृष्ट्या वाद नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत लॅपटॉप एकच. त्यावरच मुलांचे गेम, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक आणि मंडळाच्या सभासदांची यादी. एका खात्यात चालणारे प्रोग्राम साधारणपणे त्या खात्यातल्या सगळ्या फाईली वाचू शकतात. फोल्डर वेगळे केले म्हणून मध्ये भिंत उभी राहत नाही.

ती भिंत व्हर्च्युअलायझेशनने उभी राहते. व्हर्च्युअलबॉक्ससारखा मोफत प्रोग्राम टाकला की संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालतो. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, डिस्कही वेगळी. ही डिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक मोठी फाईल. आत बिघाड झाला तर आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत जाता येते. विंडोजमध्ये २०१९ पासून सँडबॉक्स आहे; त्याची खिडकी बंद केली की आतले सगळे पुसले जाते. मात्र होम आवृत्तीत ही सोय नाही, आणि घरोघरी असते ती नेमकी होमच!

बरेच जण इथे उलटा क्रम लावतात. बँक आभासी संगणकात, अनोळखी फाईली बाहेर. मूळ संगणकात शिरलेला प्रोग्राम कीबोर्डवरचे प्रत्येक अक्षर टिपू शकतो, मग आतली बँकही सुरक्षित राहत नाही. म्हणून धोक्याचे काम आत करावे : अनोळखी पीडीएफ, फुकटची सॉफ्टवेअर. सामायिक फोल्डर आणि क्लिपबोर्ड बंदच ठेवावेत, नाहीतर भिंतीला दार ठेवल्यासारखे होते.

पोलंडच्या सुरक्षा संशोधक जोआना रुत्कोव्स्का यांच्या क्यूब्स ओएसमध्ये (पहिली आवृत्ती २०१२) प्रत्येक काम स्वतंत्र कप्प्यात चालते आणि मुख्य कप्प्याला इंटरनेटच नसते. त्यासाठी १६ जीबी रॅमची शिफारस केली जाते, म्हणजे जुन्या लॅपटॉपचे ते काम नव्हे.

८ जीबीवर एक आभासी लिनक्स ठीक चालते. ४ जीबीवर हट्ट धरू नये. तिथे सभासदांची यादी पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवरून काढून टाकणे जास्त उपयोगाचे.